एक मनगटी घड्याळ

नव्या कॅडेटने सोबत काय काय आणायचं याची यादी पालकांना पाठ झालेली असते. ट्रंक, कुलूप, मच्छरदाणी, पांढरे कॅनव्हासचे बूट, नाव शिवलेले टॉवेल. याच यादीत खाली कुठेतरी ‘एक मनगटी घड्याळ’ एवढंच लिहिलेलं असतं. कोणतं, कसं, किती किमतीचं, काहीच नाही. यंदा नवी तुकडी दाखल झाली त्या दिवशी हाऊस कॅप्टन म्हणून मी दारात उभा होतो. मराठी बोलणारा मुलगा दिसल्यावर कोल्हापूर, बेळगाव, इंदूरहून आलेल्या पालकांनी मला हेच विचारलं. एका काकूंनी तर जरा बाजूला घेऊन हळू आवाजात विचारलं, ‘‘साधं घेतलं तर बाकीची मुलं हसतील का रे बाळा?’’ गर्दीत मी दोन वाक्यांत उत्तर दिलं. इथे जरा सविस्तर लिहितो.

आधी आपल्या घड्याळाला दिवसभरात काय काय सोसावं लागतं ते पाहू. पहाटे अंधारात फॉल-इन. मग पीटी आणि घाम. ड्रिलमध्ये रायफलचा धक्का. ऑब्स्टॅकल कोर्सला भिंत, दोर आणि चिखलातून सरपटणं. दुपारी स्विमिंग पूल, संध्याकाळी हॉकी, रात्री प्रेप. सुट्टीत घरी गेलं की लग्न, सण, शेत. एवढ्या सगळ्यासाठी आपल्याकडे घड्याळ एकच असतं. म्हणजे ते मजबूतही हवं आणि रोज घालता येण्याजोगं हलकं, साधंही हवं.

मुळात पुरुषांच्या मनगटावर घड्याळ आलं ते बऱ्याच अंशी सैन्यामुळे. पूर्वी पुरुष खिशात साखळीचं घड्याळ ठेवत. पहिल्या महायुद्धात तोफखान्याचा मारा आणि पायदळाची चाल मिनिटामिनिटाने जुळवावी लागे. हातात रायफल असलेल्या माणसाला खिसे चाचपायला सवड नव्हती. म्हणून घड्याळ मनगटावर आलं आणि युद्ध संपल्यावरही तिथेच राहिलं.

घड्याळ मजबूत करायचे दोन रस्ते आहेत, आणि दोन्हींच्या गोष्टी मला आवडतात. पहिली गोष्ट आपल्या देशात सुरू होते. इथल्या ब्रिटिश अधिकाऱ्यांच्या घड्याळांच्या काचा पोलो खेळताना फुटायच्या. त्यावर 1931 मध्ये ‘रिव्हर्सो’ नावाचं घड्याळ निघालं. खेळायच्या वेळी त्याची तबकडी उलटी फिरवायची, म्हणजे काच आत आणि धातूची पाठ बाहेर. दुसरी गोष्ट जपानची. कॅसिओ कंपनीतले इंजिनिअर किकुओ इबे यांना वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं. 1981 मध्ये त्यांनी न फुटणारं घड्याळ बनवायचं काम हाती घेतलं. लक्ष्य होतं तीन दहांचं: दहा मीटरवरून पडलं तरी चालावं, दहा बार दाबाचं पाणी सोसावं, सेल दहा वर्षं टिकावा. नमुने इमारतीच्या खिडकीतून खाली टाकून बघत. दोनशेच्या आसपास नमुने वाया गेले. शेवटी बागेत चेंडू आपटत खेळणारी एक मुलगी पाहून त्यांना सुचलं, की चेंडूच्या मधोमध असलेल्या गोष्टीला धक्का पोहोचत नाही. मग घड्याळाचं यंत्र आत जवळजवळ तरंगतं ठेवलं, आणि 1983 मध्ये पहिलं जी-शॉक बाजारात आलं. एका रस्त्यात नाजूक भाग झाकून ठेवायचा, दुसऱ्यात धक्काच आतपर्यंत जाऊ द्यायचा नाही.

आता खरेदीकडे वळू. सगळ्यात जास्त गोंधळ पाण्याबद्दल होतो. मागच्या बाजूला ‘30 मीटर’ कोरलेलं असलं, की पालकांना वाटतं मुलगा पोहायला मोकळा. तसं नसतं. तो आकडा प्रयोगशाळेत स्थिर पाण्याच्या दाबाचा असतो. 30 मीटरचं घड्याळ हात धुताना आणि पावसाच्या शिंतोड्यात चालतं. 50 मीटरचं थोडं पोहणं सोसतं. आपल्या पूलसाठी, नदीसाठी, उडी मारण्यासाठी 100 मीटर असलेलं घ्यावं. तेही पाण्यात असताना बटणं दाबायची नाहीत, किल्ली ओढायची नाही, आणि गरम पाण्याने आंघोळ करताना काढून ठेवायचं. आतल्या रबरी कड्या उष्णतेने लवकर खराब होतात. सेल बदलताना त्या कड्याही तपासून घ्याव्यात. नाहीतर नवा सेल पडतो आणि पहिल्याच पावसात काचेच्या आत वाफ धरते.

काचेचे साधारण तीन प्रकार. प्लास्टिकच्या काचेला ओरखडे पटकन पडतात, पण ती सहसा फुटत नाही आणि घासून पुन्हा चकचकीत करता येते. मिनरल काच मधली. सफायर काचेवर ओरखडा सहज उठत नाही, पण जोरदार ठोसा बसला तर तिचे तुकडे होऊ शकतात, आणि ती महागही असते. आपल्या कामाला पहिले दोन प्रकार पुरतात. काच तबकडीच्या कडेपेक्षा किंचित खाली बसवलेली असेल तर सर्वात उत्तम.

पट्ट्याकडे कुणी फारसं लक्ष देत नाही, आणि घड्याळं हरवतात ती मात्र बहुतेक पट्ट्यामुळेच. चामड्याचा पट्टा घामाने कुजतो. स्टीलचा सुंदर दिसतो, पण थंडीत गार लागतो आणि दोरावर चढताना कातडी ओढतो. रबरी पट्टा आपल्या दिनक्रमाला चांगला, पण काही वर्षांनी तो कडक होऊन चिरतो. मला विणलेल्या नायलॉनचा एकसंध पट्टा आवडतो. तो घड्याळाच्या खालून दोन्ही पिनांमधून जातो, त्यामुळे एक पिन तुटली तरी घड्याळ हातावरच राहतं. धुतला की तासाभरात वाळतोही.

काट्यांचं की आकड्यांचं? स्टॉपवॉच, गजर आणि 24 तासांची वेळ हवी असेल तर आकड्यांचं चांगलं. 1989 पासून मिळणारं कॅसिओचं ‘एफ-91डब्ल्यू’ फक्त 21 ग्रॅमचं आहे, आणि त्याचा सेल सात वर्षं चालतो. पण कडाक्याच्या थंडीत आकड्यांचा पडदा मंद होतो. किती वेळ गेला आणि किती उरला हे मला काट्यांवर एका नजरेत कळतं. शिवाय काट्यांच्या घड्याळावरून दिशाही काढता येते. तास काटा सूर्याकडे धरा. तास काटा आणि बाराचा आकडा यांच्या बरोबर मध्ये दक्षिण असते. मात्र आपली प्रमाणवेळ 82.5 अंश पूर्व रेखांशाची आहे, आणि दर अंशाला चार मिनिटांचा फरक पडतो. कोल्हापुरात सूर्य डोक्यावर यायला घड्याळातल्या बारानंतर अर्धा तास उलटतो, तर अरुणाचलच्या पूर्व टोकाला तो जवळजवळ तासभर आधी येतो. तेवढी दुरुस्ती मनात करायची. उन्हाळ्यात भर दुपारी ही युक्ती वापरू नका, कारण सूर्य जवळजवळ माथ्यावर असतो. होकायंत्र असेल तेव्हा तेच वापरा, आणि ते वापरताना स्टीलचं घड्याळ त्याच्यापासून लांब ठेवा. सुई सरकते.

गेल्या फेब्रुवारीत नाग टिब्ब्याच्या वाटेवर घड्याळाचा खरा उपयोग मला कळला. शिखर 3,022 मीटरचं. आमचा सहा जणांचा गट पुढे होता, सर शेवटच्या गटाबरोबर मागे होते. वेळेचा हिशोब माझ्याकडे होता. निघण्यापूर्वी आम्ही नेस्मिथच्या नियमाने आकडेमोड केली होती: सपाटीवर तासाला 5 किलोमीटर, आणि चढाच्या दर 600 मीटरला आणखी एक तास. म्हणजे 8 किलोमीटर अंतर आणि 900 मीटर चढ असेल तर साधारण तीन तास सहा मिनिटं. हा हिशोब चांगल्या वाटेचा. बर्फात तो कोलमडतो. म्हणून सरांनी बजावलं होतं, की दुपारी एक वाजता जिथे असाल तिथून मागे फिरायचं.

बर्फ गुडघ्यापर्यंत होतं. एक वाजायला दोन मिनिटं असताना माथा समोर दिसत होता. एक मित्र म्हणाला, ‘‘अर्धा तास रे फक्त!’’ मी काही न बोलता हात पुढे केला. सहाही जणांनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, आणि एकला आम्ही वळलो. कॅम्पवर पोहोचलो तेव्हा पावणेसहा झाले होते आणि झाडीत अंधार उतरत होता. शेवटच्या उतारावर आमच्यातला एक जण दोनदा घसरला. माझ्या त्या मित्राला तो निर्णय आजही पटलेला नाही. अर्ध्या तासात झालं असतं असं तो म्हणतो, आणि कदाचित झालंही असतं. पण एकची वेळ आम्ही सकाळी ठरवली होती, पोट भरलेलं आणि डोकं शांत असताना. दुपारी माथा समोर दिसत असताना सहा जणांची सहा मतं होती, घड्याळ मात्र एकच होतं. ते कुणाच्या बाजूचं नव्हतं, म्हणूनच सगळ्यांनी मानलं.

त्या घड्याळाला दोन हजारसुद्धा पडले नव्हते. काळी तबकडी, मोठे पांढरे आकडे, अंधारात चमकणारे काटे, 100 मीटर, नायलॉनचा पट्टा. माझे बाबा सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त झाले. त्यांच्याकडे किल्ली देऊन चालणारं एचएमटी आहे. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीच्या मदतीने एचएमटीने बेंगळुरूत घड्याळं बनवायला सुरुवात केली. जनता, पायलट, जवान ही तिच्या घड्याळांची नावं. 2016 मध्ये सरकारने कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, पण बाबांचं घड्याळ चालूच आहे. ते तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला ठेवतात. काच उन्हात चमकत नाही, आणि रायफल धरलेली असतानाही वेळ दिसते. माझं घड्याळ घेताना त्यांनी दुकानदाराला एकच सांगितलं, ‘‘दाखवायचं नको, बघायचं द्या.’’ त्या काकूंनाही माझं हेच उत्तर आहे. मुलं पहिले आठ दिवस एकमेकांची घड्याळं बघतात. नंतर फॉल-इनला कोण वेळेवर येतो, तेवढंच बघितलं जातं.

स्मार्टवॉच मात्र घेऊन देऊ नका. दर दोन-चार दिवसांनी चार्जिंग कुठे करणार? यूपीएससीच्या परीक्षेला ते आत नेता येत नाही, साधं घड्याळ चालतं. एनडीएच्या गणिताच्या पेपरला 150 मिनिटांत 120 प्रश्न असतात, म्हणजे एका प्रश्नाला 75 सेकंद. तिथे सेकंद काटा असलेलं साधं घड्याळच कामाला येतं. आणखी एक कारण आपल्या भावी पेशाशी जोडलेलं आहे. स्ट्राव्हा या व्यायामाच्या ॲपने वापरणाऱ्यांच्या धावण्याच्या वाटांचा जगभराचा नकाशा प्रसिद्ध केला होता. त्यात कित्येक लष्करी तळांच्या आतल्या वाटा उजळून दिसत असल्याचं जानेवारी 2018 मध्ये जगाच्या लक्षात आलं. सैनिक रोज कुठून कुठे धावतात, हे त्यांच्याच मनगटाने सांगून टाकलं.

दुकानात गेलात की मुलालाच घड्याळ घालू द्या. मनगट मागे वाकवलं तर किल्ली हाताच्या पाठीला टोचते का, ते बघा. तबकडी मुठीत झाकून अंधारात वाचता येते का, हातमोजे घालून बटण दाबता येतं का, शर्टाची बाही वरून सरकते का, हेही बघा. सेल गावातल्या दुरुस्तीवाल्याकडे मिळतो का, ते विचारून घ्या. एवढं जमलं की उरलेल्या पैशांत एक जादा पट्टा घ्या.

आणि नव्या कॅडेट मित्रांनो, घड्याळ घेतलं म्हणजे काम संपलं नाही. सेलवरचं साधं घड्याळ महिन्यात पंधरा सेकंदांपर्यंत पुढेमागे होऊ शकतं. म्हणून दर रविवारी ते बरोबर वेळेशी मिळवून घ्या. शेजारच्या पलंगावरच्याला हाक मारा आणि दोघं मिळून मिळवा. सोमवारी पहाटे तुम्हा दोघांना एकाच वेळी फॉल-इनला पोहोचायचं असतं.