उत्तर वर, की वाट वर?

बारामतीहून कोल्हापूरला निघालं की विमानाचं नाक जवळजवळ दक्षिणेला असतं. उत्तर वर ठेवलेल्या नकाशात कराड मार्गरेषेच्या डावीकडे. खिडकीतून मात्र उजवीकडे. म्हणून बरेच वैमानिक पडद्यावरचा नकाशा जायच्या दिशेने फिरवतात. कागदी नकाशा मांडीवर उलटा धरला, तर गावांची नावंही उलटी होतात. धावपट्टी जवळ आली की मीही पडद्यावरचा नकाशा फिरवते. एरवी मला उत्तर वरच हवी. वारा, धावपट्टीचा क्रमांक, कंट्रोलरने दिलेली दिशा, सगळं उत्तरेपासूनच्या अंशांतच मोजतात. आणि मुख्य म्हणजे, नकाशा स्थिर असला की सांगली, कृष्णा, सह्याद्री मनात आपापल्या जागी राहतात. पडदा अचानक बंद पडला तरी आपण कुठे आहोत हे कळतं! नव्याने उडायला शिकणाऱ्यांनो, आधी उत्तर वर ठेवूनच शिका.