फुटपाथचा खर्च कोणी करायचा?

आमच्या सोसायट्यांसमोरचा डीपी रोड कागदावर १८ मीटरचा आहे. विकास आराखड्यात तो आखला तेव्हा इथे शेतं होती. पुढे जमिनी बिल्डरांकडे गेल्या. ज्याने त्याने आपल्या हद्दीतली रस्त्याची पट्टी महापालिकेच्या ताब्यात दिली, बदल्यात एफएसआय किंवा टीडीआर, म्हणजे जादा बांधकामाचा हक्क घेतला, आणि इमारती उभ्या राहून माणसं राहायलाही आली. मधोमध डांबराचा पट्टा झाला. डांबर आणि कंपाउंड वॉल यांच्या मधल्या जागेत मात्र खडी, आणि पावसाळ्यात चिखल.

तिथे फुटपाथ व्हावा म्हणून सगळ्या सोसायट्यांची बैठक घेतली तेव्हा चर्चा खर्चावरच अडली. "फ्लॅट घेताना सगळे चार्जेस भरलेत, आता पुन्हा वर्गणी कशाला?" असं बरेच जण म्हणाले. त्यात तथ्य होतं. बांधकाम परवानगी घेताना नगररचना कायद्याच्या कलम १२४अ नुसार विकास शुल्क भरावं लागतं, आणि शेवटी ते फ्लॅटच्या किमतीतच येतं. काही जणांना वाट बघायची नव्हती. आपापल्या गेटपुढे पेव्हर ब्लॉक टाकून मोकळं व्हावं, असं त्यांचं म्हणणं. कोपऱ्यावरच्या सोसायटीने तसं केलंही. ब्लॉक चांगले होते, कडेला कुंड्या होत्या. पण ओटा रस्त्यापासून फूटभर उंच आणि दोन्ही टोकांना उतार नाही. चालणारा माणूस डांबरावरूनच जायचा. थोड्याच दिवसांत त्या ओट्यावर दुचाकी लागू लागल्या.

वर्गणीला माझा विरोध होता तो वेगळ्या कारणासाठी. बैठकीला आलेले बहुतेक जण गाडीने जा-ये करणारे. या रस्त्याने रोज चालतात त्या स्वयंपाकाच्या आणि धुण्याभांड्यांच्या मावशी, रात्रपाळीचे वॉचमन, पलीकडच्या वस्तीतली शाळकरी मुलं. त्यांतलं कोणीच आमच्या सोसायट्यांचं सभासद नाही. वर्गणीतून झालेला फुटपाथ वर्गणीदाराच्या गेटपाशी संपतो. या मंडळींना थेट बसथांब्यापर्यंत जायचं असतं. म्हणून काम सार्वजनिक पैशातून आणि सलग व्हावं, हे मी धरून बसले. आजही माझं मत तेच आहे.

मग पथ विभागात खेटे सुरू झाले. नगरसेवक नव्हते, प्रशासकांचा कारभार होता, त्यामुळे जे काही ते अधिकाऱ्यांकडेच मांडायचं. कनिष्ठ अभियंत्यांनी टेबलावर रस्त्याचा क्रॉस-सेक्शन पसरला. इंडियन रोड्स काँग्रेसच्या २०१२ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी. दोन्ही बाजूंना तेवढी सोडली तरी वाहनांसाठी आणि बाकीच्या गोष्टींसाठी १४.४ मीटर उरत होते. जागेची अडचण नव्हतीच. पावसाळी गटाराचं एस्टिमेट तयार होतं आणि त्यात फुटपाथ धरलेला नव्हता, एवढीच गोष्ट होती.

"मॅडम, आत्ताच अर्ज द्या," ते म्हणाले. "गटाराबरोबर घेतलं तर खोदाई एकदाच. नंतर म्हटलं की वेगळी तरतूद, वेगळं टेंडर, आणि तोवर त्या पट्टीत विजेचे डीपी बॉक्स येतात, टपऱ्या येतात."

अर्जात आम्ही सर्वोच्च न्यायालयाच्या मे २०२५ च्या आदेशाचा आधार घेतला. अडथळा नसलेला फुटपाथ मिळणं हा घटनेच्या अनुच्छेद २१ खालचा हक्क आहे, असं त्यात न्यायालयाने म्हटलं आहे. पुण्याने २०१६ सालीच पादचारी धोरण मंजूर केलं, हेही लिहिलं. आमच्यातले काही जण पुण्यातल्या जंगली महाराज रस्त्यावरचे रुंद फुटपाथ मुद्दाम बघून आले होते. त्यांनी काढलेले फोटो अर्जाला जोडले.

फुटपाथ एस्टिमेटमध्ये आला. काम सुरू झाल्यावर खरा वाद झाला तो गेटच्या रॅम्पवरून. गाडी सरळ आत जावी म्हणून प्रत्येक सोसायटीला आपल्या गेटपुढे फुटपाथ रस्त्याच्या पातळीला उतरवून हवा होता. तसं झालं असतं तर चालणाऱ्याला दर गेटला उतरा आणि पुन्हा चढा. काठी घेतलेल्या आजोबांनी, बाबागाडी ढकलणाऱ्या आईने काय करायचं? आम्ही टेप घेऊन एकेका गेटपाशी उभे राहिलो. फुटपाथ सपाट ठेवून कर्बच्या कडेला आखूड रॅम्प दिला तर गाडी सहज चढते, हे चेअरमन मंडळींना खडूने आखून दाखवावं लागलं. बहुतेकांनी ऐकलं, दोन गेट अजून खालीच आहेत.

आता एक बाजू बसथांब्यापर्यंत सलग आहे. दुसरी बाजू एका प्लॉटच्या पत्र्यांपाशी तुटते, कारण तिथली रस्त्याची जमीन अजून ताब्यात आलेली नाही. त्या प्लॉटच्या पलीकडे नव्या ले-आउटची मोजणी सुरू आहे. तिथे इमारत उभी राहण्याआधी, बांधकाम परवानगीच्या अटींमध्येच फुटपाथची रुंदी, कर्बची उंची आणि गेटची पातळी लिहावी, असा अर्ज आम्ही दिला आहे. पोच मिळाली आहे; क्रॉस-सेक्शनची प्रत अजून मिळायची आहे.