तारीख कागदाने ठरवली

पर्थ अंबॉय, न्यू जर्सी
१९ नोव्हेंबर २०१७

प्रिय ताई,

परवा फोनवर तू विचारलंस, "खरं सांग, लग्न कागदासाठी केलंस ना?" मागे आईचा आवाज येत होता म्हणून मी हसण्यावारी नेलं. तू रागाने विचारलं नव्हतंस हे मला कळलं. गल्लीतले लोक विचारणार, तेव्हा तुझ्याजवळ उत्तर असावं एवढंच. तर आता नीट लिहितो. फोनवर मला खरं बोलता येत नाही, हे तुला बाबांच्या वेळेपासून ठाऊक आहे.

आधी बाबांचंच. २०१३ मध्ये ते गेले तेव्हा मी म्हणालो, रजा मिळत नाही. ते खोटं होतं. मला रजा देणारं कुणी उरलंच नव्हतं. २००९ च्या मंदीत कंपनीने काढलं, २०१० मध्ये पासपोर्टात टाचलेल्या पांढऱ्या कार्डावरची राहण्याची मुदत उलटली, आणि तेव्हापासून मी एका मोटेलात रात्रपाळीला रोख पगारावर बसत होतो. आधी वाटलं, दुसरी नोकरी लागेलच. माझ्या शिक्षणासाठी काढलेलं कर्ज फिटायचं होतं, आणि हात हलवत सांगलीला उतरायची लाज होती. असं करता करता वर्ष गेलं. वर्ष गेलं की इथलं गणित बदलतं.

१९९६ साली इथे एक कायदा झाला. मुदत संपल्यावर १८० दिवसांपेक्षा जास्त राहून मग देश सोडला, तर तीन वर्षं परत यायचं नाही. वर्षभर किंवा त्याहून जास्त राहून सोडला, तर दहा वर्षं. राहिलेल्याला धरून घालवून देतात, ती भीती रोजचीच. पण ही दहा वर्षं मानेवर बसतात ती उंबरा ओलांडल्यावर. बसून राहिलेल्याला निदान एक फट उघडी असते: बायको किंवा नवरा अमेरिकन नागरिक असला, आणि तुम्ही मुळात व्हिसा दाखवून, शिक्का मारून घेऊन रीतसर आत आलेले असलात, तर मुदत उलटलेली असूनही इथे बसूनच ग्रीन कार्डाचा अर्ज करता येतो. चोरून केलेली नोकरीही माफ होते. मोटेलात माझ्याबरोबर एक पंजाबी मुलगा होता, मेक्सिकोच्या बाजूने पायी आलेला. त्याची बायकोही नागरिक आहे, दोन मुलं आहेत, पण त्याच्याकडे शिक्का नाही. त्याला सवलत मागून, आधी देशाबाहेर पडूनच यावं लागणार. मी ते शिक्क्याचं पांढरं कार्ड बिस्किटांच्या डब्यात का जपून ठेवलं होतं, ते आता कळेल तुला.

आता जे तुला कधीच सांगितलं नाही ते. बाबा गेले तेव्हा ही मला भेटून चार महिने झाले होते. मी सांगलीला आलो असतो तर कुणी अडवलं नसतं. फक्त परत जाता आलं नसतं. मडकं तू धरलंस, अग्नी तू दिलास, लोकांचं बोलणंही तूच ऐकलंस, आणि मी मोटेलच्या काउंटरमागे बसून वकिलाची फी मोजत होतो. न येण्याचं निम्मं कारण कायदा होता, निम्मं ही. कागदासाठी माणूस धरला असता तर तेव्हाच लग्न उरकून टाकलं असतं, ताई. उलट पुढची तीन वर्षं मी लग्नाचा विषय काढला नाही. तिला वाटेल, हा कागदासाठीच आला.

विषय शेवटी तिनेच काढला. व्हिसाबरोबर माझं ड्रायव्हिंग लायसन्सही संपलेलं. २०१६ च्या जुलैत पोलिसाने गाडी थांबवली, दंडावर निभावलं. त्या रात्री ती म्हणाली, उद्या म्युनिसिपालिटीत जायचं. इथे अर्ज दिल्यावर ७२ तास थांबावं लागतं. ते थांबलो आणि लग्न केलं. तेव्हा तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं: माणूस आम्ही ठरवला होता, तारीख कागदाने ठरवली.

तुझं काय झालं होतं आठव. आजी गेली, आणि सगळे म्हणायला लागले, वर्षाच्या आत लग्न उरका, नाहीतर तीन वर्षं थांबा. भाऊजींना तू दोनदा पाहिलं होतंस. सहा आठवड्यांत हळद लागली. ते लग्न खरं की आजीसाठी, असं तुला कुणी विचारलं? तुमच्या लग्नाची नोंद तर भाऊजींचा पासपोर्ट काढायचा झाला तेव्हा केलीत, अकरा वर्षांनी. जेवून गेलेली सातशे माणसं हाच पुरावा.

इथे माणसांऐवजी फाइल लागते. दोघांच्या नावचा भाडेकरार, दोघांचं बँकखातं, एकत्र भरलेला इन्कम टॅक्स, विम्यात माझं नाव, फोटो. आणि एक हमीपत्र. ते मला अजून पेलत नाही. सरकारने ठरवलेल्या गरिबीच्या रेषेच्या सव्वापट उत्पन्न दाखवून बायकोने लिहून द्यायचं, की याचा भार सरकारवर पडू देणार नाही. घटस्फोट झाला तरी ही हमी सुटत नाही. मी नागरिक होईपर्यंत किंवा माझ्या कामाच्या चाळीस तिमाह्या, म्हणजे साधारण दहा वर्षं भरेपर्यंत ती तिच्या गळ्यात. ही नर्स आहे, कागद न वाचता सही करत नाही. दोनदा वाचून तिने सही केली आणि मला विचारलं, आज भात तू लावतोस की मी?

ती पोर्तो रिकोची. १९१७ च्या कायद्याने त्या बेटावरचे लोक अमेरिकन नागरिक झाले, म्हणून ती जन्मापासूनच नागरिक. सप्टेंबरात मारिया वादळ आलं तेव्हा आठ दिवस तिच्या आईचा फोन लागला नाही. विमानं सुरू झाल्याबरोबर ती तिकीट काढून गेली. मी विमानतळावर सोडायला गेलो होतो. जाता येणं म्हणजे काय, ते मी त्या दिवशी काचेच्या अलीकडून पाहिलं.

ती परत आली आणि ऑक्टोबरात ग्रीन कार्डाची मुलाखत झाली. खोट्या लग्नाला इथे पाच वर्षांपर्यंत कैद आणि अडीच लाख डॉलरपर्यंत दंड आहे, त्यामुळे खरं लग्न केलेल्याचेही हात थरथरतात. पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, असलं काही विचारतील म्हणून आम्ही घोकून गेलो होतो. मुलाखत घेणाऱ्या बाईंनी ते विचारलंच नाही. फाइल चाळताना त्या थांबल्या तुझ्या दिवाळीच्या पार्सलच्या पावतीवर. तू वर दोघांची नावं लिहिली होतीस, हिच्या नावाचं स्पेलिंग चुकवून. ती पावती वकिलाने का लावली देव जाणे. बाईंनी हिला विचारलं, यात काय होतं? ही म्हणाली, चकल्या, आणि निम्म्या मोडलेल्या. मग कडबोळी सांगायला लागली, तो शब्द तिला येईना, तर बोटाने हवेत वळून दाखवलं. बाई हसल्या. तेवढंच.

कार्ड मिळालं, पण दोन वर्षांचं. मंजुरीच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसली की असंच मिळतं. १९८६ पासूनचा नियम आहे. शेवटच्या नव्वद दिवसांत दोघांनी मिळून पुन्हा अर्ज करायचा, पुन्हा फाइल. तर यंदाच्या पार्सलचीही पावती ठेव.

सोळा डिसेंबरला पहाटे मुंबईत उतरतो, रात्री महालक्ष्मी पकडू. स्टेशनवर कुणाला पाठवू नकोस, रिक्षाने येतो. आईला एवढंच सांग की सूनबाईला तिखट चालतं. दुसऱ्या दिवशी मला कृष्णेवर जायचंय, तू चल. तू तेव्हा कुठे उभी होतीस ते दाखव. हीही येते म्हणते. बायकांनी तिथे आलेलं चालतं का, असं तिने मला विचारलं. मी म्हटलं, अग्नी दिला तो ताईनेच.

तुझा,
बाळू