फुकटच्या खेळाचा हिशेब

मी शहापूरला राहतो. ठाण्याला एका कंपनीच्या स्टोअरमध्ये कामाला आहे. सकाळी शेअर रिक्षाने आसनगाव स्टेशन, तिथून लोकल. जाऊन-येऊन रोजचे तीन तास गाडीत जातात.

आमच्या डब्यात पत्तेवाल्यांचा एक जुना ग्रुप आहे. चौघं जण मांड्यांवर बॅग आडवी ठेवतात आणि कल्याण येईपर्यंत मेंढीकोट चालतो. मी त्यांच्यात कधी बसलो नाही. २०२४च्या जूनमध्ये वासिंदला चढणाऱ्या एकाने मला मोबाईलवरचा पत्त्यांचा खेळ दाखवला. डब्यात माणसं स्टेशनच्या नावानेच ओळखली जातात, त्यामुळे आमच्यासाठी तो वासिंदवाला. खडवलीला चढणारा एक तरुण पोरगाही तोच खेळ खेळायचा. असे आम्ही तिघं झालो.

खेळ साधा वाटतो. समोर एक खेळाडू, कुठला तरी अनोळखी. दोघांकडे स्वतः जुळवलेला वीस-तीस कार्डांचा डेक. दोघांचे चार-चार हजार पॉइंट. ज्याचे आधी शून्य होतात तो हरला. एक मॅच पाच-सात मिनिटांत संपते, म्हणून लोकलला तो बरोबर बसतो. फक्त आसनगाव सोडल्यावर मध्ये नेट जातं, आणि नेट गेलं की मॅच हरल्यात धरतात. म्हणून मी वासिंद येईपर्यंत मॅच सुरूच करत नसे.

हा खेळ मला मनापासून आवडला. यात नशीब आहे, पण डोकंही लागतं. कुठलं कार्ड हातात धरून ठेवायचं, समोरच्याने उलटं ठेवलेलं कार्ड काय असेल, आत्ता हल्ला करावा की एक डाव थांबावं. ठाण्याला उतरलो तरी मागची मॅच डोक्यात घोळत असायची. ऑफिसच्या कामात इतकं डोकं मला क्वचितच लावावं लागतं.

खेळाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. बॉक्स, त्यातले कार्डांचे पॅक आणि ते घ्यायला लागणारे जेम, म्हणजे खेळातले पैसे, ही रचना अशा बहुतेक खेळांत थोड्याफार फरकाने सारखीच असते. आणि हे सगळं मोबाईलबरोबर आलं असंही नाही. १९९३ मध्ये अमेरिकेत रिचर्ड गारफिल्ड यांचा ‘मॅजिक: द गॅदरिंग’ बाजारात आला, तेव्हापासून बंद पाकिटातून कार्डं विकली जातात. आत काय आहे ते फोडल्यावरच कळतं. जपानमध्ये काझुकी ताकाहाशी यांची ‘यु-गी-ओह!’ ही चित्रकथा १९९६ मध्ये सुरू झाली, आणि तिच्यावरून निघालेली कार्डं तर जगभर गेली. आम्ही शाळेत असताना आमच्याकडे डब्ल्यूडब्ल्यूएफचे पत्ते होते. त्यातलं एखादं कार्ड नको असेल तर मित्राला देऊन दुसरं घेता यायचं. माझ्या मोबाईलवरच्या खेळात ते होत नाही. कार्ड कुणाला देता येत नाही, विकताही येत नाही. हे तेव्हा मला किरकोळ वाटलं होतं.

आमच्या तिघांची मतं तीन तऱ्हेची होती. वासिंदवाल्याने आजवर एक रुपयाही घातलेला नाही. तो म्हणतो, “रोज जेवढे जेम फुकट मिळतात तेवढ्यातच खेळायचं. वरच्या रँकला जायचंच कशाला?” त्याचा एकच जुना डेक आहे आणि त्यातलं प्रत्येक कार्ड त्याला पाठ आहे. खडवलीचा दर महिन्याला ठरवून तीनशे रुपये घालायचा. त्याचं म्हणणं, केबलचे देतो तसेच हे. वरच्या रँकला पैसेवालेच असतात, याबद्दल मात्र दोघांचं एकमत होतं. मला ते पटत नव्हतं. मला वाटायचं, नीट खेळलं तर फुकटातही वर जाता येईल. पत्तेवाल्यांमधल्या एका काकांनी एकदा विचारलं, “तुमचे पत्ते विकत घ्यायला लागतात? आमचा एक जोड वर्षभर चालतो.” मी त्यांना म्हटलं, नाही काका, फुकट आहे. तेव्हा ते खरंही होतं.

सप्टेंबरमध्ये गणपतीला मी ताईकडे गेलो. ताई मुरबाड तालुक्यात, धसईच्या बाजूला असते. भाऊजींची भातशेती आहे, आणि ताईचं किराणा मालाचं छोटं दुकान. किन्हवली-सरळगावमार्गे मी बाईकनेच जातो. भाचा तेव्हा नुकताच अकरावीत गेला होता. मीच त्याला खेळ शिकवला. आरतीनंतर आम्ही दोघं ओट्यावर बसून खेळायचो. त्याने चार दिवसांत मला हरवायला सुरुवात केली. कार्डांवरचं बारीक इंग्रजी तो शब्दन् शब्द वाचायचा. एका कार्डावर ‘करू शकता’ आहे आणि दुसऱ्यावर ‘करावंच लागेल’, हा फरक त्यानेच मला दाखवला. मला त्याचं कौतुक वाटलं. त्याच भरात मी त्याला सांगितलं की मी ८९ रुपयांची एक ऑफर घेतली होती आणि त्यात चांगलं कार्ड आलं. हे सांगायला नको होतं.

दिवाळीच्या सुमारास खेळात नवा बॉक्स आला. हा बॉक्स कसा असतो ते नीट सांगतो, कारण पैसे तिथेच जातात. माझ्या खेळातल्या बॉक्समध्ये १८० पॅक होते. एका पॅकला ५० जेम. मला हवं असलेलं कार्ड अख्ख्या बॉक्समध्ये एकच होतं. ते पहिल्या पॅकमध्ये येऊ शकतं आणि शेवटच्याही. आणि डेक नीट चालायला तीच तीन कार्डं लागत होती. म्हणजे नशीब खराब असेल तर तीन बॉक्स रिकामे करायचे. एका बॉक्सचे ९,००० जेम. मला रोज खेळून महिन्याला साधारण ३,००० जेम फुकट मिळायचे. म्हणजे एका बॉक्सला तीन महिने, तिन्हींना नऊ. तोवर खेळात आणखी कितीतरी बॉक्स येऊन जातात आणि तुमचं कार्ड जुनं होतं.

हा हिशेब मी स्टोअरमध्ये काम करणारा माणूस असून तेव्हा केला नाही. जानेवारीत केला.

पहिलं कार्ड चाळीसाव्या पॅकच्या आसपास मिळालं. जेम संपले. मी १५९ रुपये घातले, मग ४४९, मग पुन्हा ४४९. प्रत्येक वेळी वाटायचं, इतके पॅक फोडून झालेत, आता उरलेल्यात ते असणारच. आणि हे खरंच असतं, म्हणूनच थांबता येत नाही. बॉक्समध्ये किती पॅक उरले तो आकडा समोर दिसत असतो. डिसेंबरपर्यंत तिन्ही कार्डं आली. मी दोन रँक वर गेलो. बायकोला काही सांगितलं नव्हतं. रक्कम लहान लहान होती, त्यामुळे मलाही ती मोठी वाटली नाही.

तिकडे भाच्याचंही तेच चाललं होतं, आणि मला माहीत नव्हतं.

धसई हे महाराष्ट्रातलं पहिलं कॅशलेस गाव म्हणून डिसेंबर २०१६ मध्ये जाहीर झालं होतं. तेव्हा दुकानांत कार्ड घासायची मशीन आली होती. आता त्या भागात टपरीवरही क्यूआर कोड असतो. ताईच्या दुकानातही आहे. पण ताईला मोबाईलचं फारसं जमत नाही. पैसे आले का बघणं, घाऊक व्यापाऱ्याला पाठवणं, लाइट बिल भरणं, सगळं भाचाच करायचा. पिनही त्यानेच टाकला होता आणि तो त्यालाच पाठ होता. आमच्याकडे किती घरांत असंच आहे. पोरगं हुशार आहे म्हणून आपण फोन त्याच्या हातात देतो, आणि फोनबरोबर खातंही दिलंय हे लक्षात येत नाही.

१३ जानेवारी २०२५ला पौष पौर्णिमा होती. म्हसा यात्रा सुरू झाली. मी दोन दिवसांनी ताई-भाऊजी आणि भाच्याबरोबर गेलो. भाऊजींना एक गोऱ्हा घ्यायचा होता. यात्रेतल्या गुरांच्या बाजारात फिरून फिरून एक पसंत पडला. सौदा ठरला. थोडे रोख होते, उरलेले ताईच्या फोनवरून द्यायचे होते. ताईने फोन भाच्याकडे दिला. त्याने तो हातात घेतला आणि नुसता उभा राहिला. मग म्हणाला, “नेट नाय.” शेतकरी म्हणाला, माझ्या फोनचं घ्या. तेव्हा भाच्याने पिन टाकला. खात्यात तेवढी शिल्लक नव्हती.

भाऊजींना आधी वाटलं, बँकेनेच काही कापलं असेल. गोऱ्हा सोडून आम्ही परत आलो. गाडीत कुणी बोललं नाही. मी भाच्याच्या तोंडाकडे बघितलं आणि मला कळलं. कारण तेच तोंड मी महिनाभर स्वतःच्या घरात घेऊन फिरत होतो.

रात्री आम्ही दोघं मागच्या अंगणात बसलो. त्याने सगळं सांगितलं. २३ वेळा मिळून ९,८७० रुपये. आणि वर ३,५०० वेगळे. हे ३,५०० ऐकून मला जास्त धक्का बसला. एका मेसेजिंग ग्रुपवर कुणीतरी तयार अकाउंट विकत होता. कार्ड एकेकटं विकता येत नाही, म्हणून लोक अख्खं अकाउंट विकतात. भाच्याला वाटलं, बॉक्स फोडत बसण्यापेक्षा हे स्वस्त पडेल. पैसे दिल्यावर आयडी आणि पासवर्ड मिळाला. दोन दिवस चाललं. तिसऱ्या दिवशी विकणाऱ्याने मूळ ई-मेलवरून पासवर्ड बदलला आणि याला ग्रुपमधून काढून टाकलं. हे होऊन बारा दिवस झाले होते. तो कुणालाच बोलला नव्हता. “मामा, तुला सांगणार होतो,” एवढंच म्हणाला.

मी ताई-भाऊजींना सगळं सांगितलं, माझेही पैसे गेलेत ते धरून. भाऊजी त्याच्यावर हात उचलायला उठले. ताईने अडवलं. मग भाऊजी मला म्हणाले, “तुम्ही शिकवलंत आणि तुम्हीच गेलात त्यात.” मी गप्प बसलो.

दुसऱ्या दिवशी काय केलं ते क्रमाने सांगतो, कुणाला तरी उपयोगी पडेल.

आधी प्ले स्टोअरमधली खरेदीची यादी उघडली. तिथे तारीख-वेळेसकट सगळं दिसतं. खरेदीपासून ४८ तासांच्या आत असेल तर तिथूनच परतावा मागता येतो. त्याच्या दोन खरेद्या त्या मुदतीत बसत होत्या. मागणी केली आणि ८९८ रुपये परत आले. बाकीच्यांसाठी खेळाच्या कंपनीला लिहिलं. त्याचं काही झालं नाही.

मग १९३० हा सायबर फसवणुकीचा नंबर लावला. त्यांनी पैसे पाठवल्याचा बारा आकडी संदर्भ क्रमांक, तारीख आणि समोरचा यूपीआय आयडी विचारला. हे आधीच कागदावर लिहून ठेवावं, फोनवर शोधायला गेलं की गडबड होते. राष्ट्रीय सायबर पोर्टलवरही तक्रार टाकली आणि ग्रुपवरच्या बोलण्याचे स्क्रीनशॉट जोडले. सुदैवाने भाच्याने ते पुसले नव्हते. पण बारा दिवसांत पैसे पुढे निघून गेले होते. लगेच फोन केला असता तर पुढच्या खात्यात ते अडवता येण्याची शक्यता होती. घाबरून लपवण्यात ती वेळ गेली.

तिसरं, ताईने स्वतः नवा पिन टाकला. चार वेळा चुकला, तेव्हा कुठे जमला. आता पैसे भाचा पाठवतो पण पिन ताई टाकते. दुकानाचं खातं आणि घरचं खातं वेगळं केलं. प्ले स्टोअरमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड विचारण्याची सेटिंग लावली. ती दोन मिनिटांची आहे आणि मी माझ्या फोनवरही लावली नव्हती.

मग घरी येऊन मी माझी यादी उघडली. ७,२६० रुपये. मला तीन-चार हजार वाटत होते. बायकोला दाखवलं. ती रागावली नाही. “गाडीत झोपत जा त्यापेक्षा,” म्हणाली, आणि मला ते रागावण्यापेक्षा जास्त लागलं. ताईचे अर्धे पैसे मी भरले.

ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा आला. गाडीत चर्चा झाली. पत्तेवाले काका म्हणाले, “आता तुमचंही बंद होणार.” पण तो कायदा पैसे लावून पैसे जिंकायच्या खेळांसाठी आहे. आमच्या खेळात जिंकायला पैसे नसतातच, फक्त घालायला असतात. त्यामुळे आमचा खेळ चालू आहे, आणि लक्ष ज्याचं त्यालाच ठेवावं लागतं.

मी खेळ काढून टाकलेला नाही. काढावा असं पुष्कळांनी सांगितलं. पण खेळ चांगला आहे, असं मला आजही वाटतं. नुकसान झालं ते बॉक्समुळे आणि आमच्या घाईमुळे. आता मी वासिंदवाल्यासारखा एकच डेक घेऊन खेळतो. रँक उतरली. पहिले दोन आठवडे ते फार लागलं, रोज हरायचो. खडवलीच्यानेही तीनशे बंद केलेत. त्याचं कारण वेगळं आहे, त्याचं लग्न ठरलंय.

त्यानंतर भाऊजींनी भाच्याला फोन घेऊन दिला नाही. पावसाळ्यात तो दुसऱ्यांच्या शेतावर लावणीला गेला आणि मजुरीतले २,००० आईला दिले. पुढच्या गणपतीत मी गेलो तेव्हा त्याने माझा फोन मागून घेतला. ओट्यावर बसून माझाच जुना डेक चाळला, त्यातली दोन कार्डं काढून दोन साधी घातली आणि तीन मॅच जिंकला. तेवढ्यात स्क्रीनवर नव्या बॉक्सची जाहिरात आली. त्याने आधी माझे जेम किती ते बघितलं.

“चार हजार दोनशे. अर्धा पण नाय होणार, मामा,” म्हणाला, आणि जाहिरात बंद करून पुढची मॅच लावली.