सुटे भाग कधी घ्यावेत

संगणक स्वतः जुळवायचा ठरला, की सगळे भाग एकदम आणावेत की सवडीने, हा प्रश्न पैशांइतकाच वॉरंटीचाही असतो. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून मोजली जाते, संगणक सुरू झाल्यापासून नाही. सहा महिने आधी घेतलेला मदरबोर्ड खोक्यातल्या खोक्यात तेवढाच जुना होतो. शिवाय प्रोसेसर, मदरबोर्ड आणि रॅम एकमेकांवाचून नीट तपासता येत नाहीत. दोष कळेपर्यंत दुकानातून बदलून मिळण्याची मुदत उलटून जाते. म्हणून ही तीन एका वेळी घ्यावीत. कॅबिनेटचे तसे नाही. वीजपुरवठा करणारा एसएमपीएसही चांगल्या भावात मिळाला तर आधी घ्यायला हरकत नाही. फक्त पुढे बसणाऱ्या ग्राफिक्स कार्डाची भूक धरून त्याचे वॅट ठरवावे लागतात.

प्रस्तुत लेखकाची जुळणी २०२१ मधली. ग्राफिक्स कार्डासाठी त्याहून वाईट काळ शोधूनही सापडला नसता. एनव्हिडियाचे आरटीएक्स ३०८० सप्टेंबर २०२० मध्ये ६९९ डॉलरना बाजारात आले, पण त्या किमतीला ते क्वचितच कोणाच्या हाती पडले. चिपांची टंचाई, टाळेबंदीत वाढलेली मागणी आणि इथेरियम या कूटचलनासाठी कार्डांवर चालणारे मायनिंग, तिन्ही एकदम आले होते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर भाव सांगताना ‘हा आजचा, उद्याचा माहीत नाही’ अशी पुस्ती जोडली जाई. कार्ड हवे तर सोबत एखादा नको असलेला भागही घ्या, असा आग्रह होई तो वेगळाच.

लेखकाने कार्डाचा नाद तात्पुरता सोडला आणि अंगभूत ग्राफिक्स असलेला रायझन ५ ५६००जी घेतला. या प्रोसेसरची एल३ कॅशे ५६००एक्सच्या निम्मी, १६ एमबी. पण लिखाण आणि फोटोंचे किरकोळ काम अडले नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियमने व्यवहार पडताळण्याची पद्धत बदलली, तिथले कार्डांवरचे मायनिंग थांबले आणि राबलेल्या कार्डांचा ढीग जुन्या बाजारात आला. लेखकाने त्यानंतर नवे, पक्क्या बिलाचे कार्ड घेतले.

मात्र थांबणे दर वेळी फळत नाही. जगातली बहुतेक रॅम सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन या तीन कंपन्यांच्या चिपांवर चालते. २०२३ मध्ये माल जास्त झाल्याने ती स्वस्त होती. २०२५ च्या अखेरीस एआय डेटा सेंटरांच्या मागणीने भाव भडकले. डिसेंबरात मायक्रॉनने ग्राहकांसाठीचा क्रुशल हा व्यवसाय बंद करण्याचे जाहीर केले. तरीही स्वस्त दिसली म्हणून रॅम आधीच घेऊन ठेवण्यापूर्वी मदरबोर्डावरचे प्रोसेसरचे सॉकेट पक्के हवे. एएमडीच्या एएम५ बोर्डांत डीडीआर५ च चालते. डीडीआर४ ची खाच निराळ्या जागी असल्याने ती तिथे बसतसुद्धा नाही.