जांभळं लेबल

घरातला कूलर दुरुस्त करून आणला, की त्याची किंमत वाढते. निदान घटत तरी नाही. जुन्या कॉमिक्सच्या बाजारात मात्र हिशोब उलटा असतो. तिथे दुरुस्त केलेला अंक न दुरुस्त केलेल्या अंकापेक्षा स्वस्त जातो. हे मला कळलं ते आमच्या मुरारच्या घरातल्या एका ट्रंकेमुळे.

ट्रंक माझ्या मोठ्या काकांची. आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. सरकारी नोकरी, हिशोब तपासण्याचं काम, आणि नाद एकच: इंद्रजाल कॉमिक्स. तुमच्यातल्या धाकट्यांसाठी सांगते, टाइम्स ऑफ इंडियावाल्या बेनेट कोलमन कंपनीने मार्च १९६४ मध्ये ही मालिका इंग्रजीत सुरू केली आणि लवकरच ती हिंदी-मराठीतही येऊ लागली. ली फॉकचे वेताळ आणि मँड्रेक त्यातलेच. १९७६ मध्ये आबिद सुरतींचा बहादूर आला, आणि तो तर आपल्याच मुलखातला, चंबळच्या डाकूंशी लढणारा. १९९० मध्ये मालिका बंद झाली तोवर सुमारे आठशे अंक निघाले होते. हिंदी अंक अण्णा ग्वाल्हेर स्टेशनवरून आणायचे, मराठी अंक पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांच्या पिशवीतून यायचे.

अण्णा अंक गल्लीतल्या पोरांना वाचायला द्यायचे. परत येताना एखाद्याचं पान फाटलेलं, एखाद्याची पिन गंजून कागद खाल्लेली. मग रविवारी दुपारी दुरुस्ती चालायची. मैद्याची खळ, पतंगाचा पातळ कागद, बारीक ब्रश. फाटलेलं पान असं जोडायचे की बोट फिरवल्याशिवाय कळत नसे. मुखपृष्ठाचा रंग उडाला असेल तिथे वॉटरकलरने भरायचे. कडा फारच कुरतडल्या असतील तर पट्टी ठेवून छाटायचेही. आम्हा मुलांना ती जादू वाटायची.

अण्णा गेले, ट्रंक काकूकडे राहिली. पुढे काकूच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं आणि तिनेच म्हटलं, “ही कॉमिक्स विकली जातात म्हणे. बघा काय मिळतं ते.” माझ्या चुलतभावाने, दादाने, थोड्या अंकांचे फोटो व्हॉट्सॲपवर एका संग्राहकाला पाठवले. त्याने सगळ्या ट्रंकेसाठी जो आकडा सांगितला, त्यात ऑपरेशनचा निम्म्याहून अधिक खर्च निघत होता. घरात आनंदीआनंद.

दादाचा मुलगा अमेरिकेत शिकतो. व्हिडिओ कॉलवर त्याने विचारलं, “आत्या, पण आजोबा ते दुरुस्त करायचे ना? मग ते रिस्टोर्ड झाले. सांगितलंय का त्यांना?”

मग त्याने मला तिकडची पद्धत समजावली. सर्टिफाइड गॅरंटी कंपनी, म्हणजे सीजीसी, २००० सालापासून कॉमिक्सना ग्रेड देते. अंक तपासायचा, ०.५ ते १० मध्ये ग्रेड द्यायची आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद पेटीत ठेवून वर लेबल लावायचं. लेबलाचा रंग महत्त्वाचा. निळं म्हणजे मूळ स्थितीतला अंक, जांभळं म्हणजे रिस्टोर्ड. जांभळ्या लेबलावर काय काय केलंय तेही लिहितात: रंग भरला, तुकडा जोडला, फाट चिकटवली. कामाचा दर्जा ए, बी, सी आणि कामाचं प्रमाण १ ते ५ असं वेगळं नोंदवतात. ज्या अंकात फक्त फाट जोडली, पिन बदलली, कागदाला आधार दिला, तेही संग्रहालयात वापरतात तसल्या साहित्याने, त्याला ‘कन्झर्व्हड’ असा वेगळा दर्जा मिळतो.

दिसायला दोन्ही अंक ९.० चे असले, तरी जांभळा पुष्कळ कमी किमतीत जातो. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८ चा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक. त्याची ९.० ग्रेडची मूळ स्थितीतली प्रत २०१४ मध्ये सुमारे ३२ लाख डॉलरला गेली. एवढे पैसे चांगल्या दिसण्याचे नव्हते. इतक्या वर्षांत कुणी हात न लावता ती तशी राहिली, याचे होते.

मला राग आला. सेलोटेप लावलेल्या अंकाची ग्रेड उतरते, पण नुसत्या टेपमुळे जांभळं लेबल लागत नाही. आणि अण्णांनी जीव ओतून जोडलेल्या पानाला वेगळं लेबल! हा कुठला न्याय? भाचा म्हणाला, “आत्या, टेप दिसते. घेणाऱ्याला कळतं तो काय घेतोय. आजोबांचं काम दिसत नाही, म्हणून ते लिहावं लागतं.”

हे मला पटलं. दादाला नाही. “त्या माणसाने विचारलंच नाही, तर आपण कशाला सांगायचं? आपल्याकडे कुठे लेबलं लावतात? आणि पैसे काय चैनीला हवेत?” त्याचंही खोटं नव्हतं. दवाखान्याची तारीख जवळ येत होती. दोन दिवस घरात कुणी धड बोललं नाही. शेवटी काकूच म्हणाली, “ह्यांनी जन्मभर दुसऱ्यांचे हिशोब तपासले. ह्यांच्याच ट्रंकेचा हिशोब खोटा द्यायचा का?”

मग मी चार रात्री बसून एकेक अंक तपासला. मुखपृष्ठ उघडून आतून पाहायचं, भरलेला रंग बहुधा कागदातून मागे उतरलेला असतो. पान टॉर्चसमोर तिरकं धरायचं, चिकटवलेली जागा जाड दिसते. छाटलेला अंक दुसऱ्या अंकावर ठेवला की आखूड भरतो. एकूण ११२ अंक निघाले: ४१ हात न लावलेले, ५२ फक्त जोडलेले, १९ रंगवलेले किंवा छाटलेले. प्रत्येकात एक चिठ्ठी ठेवली, काय केलंय त्याची. फोटो आणि यादी संग्राहकाला पाठवली.

त्याचा फोन आला. पहिल्या आकड्यातून जवळजवळ तिसरा हिस्सा कमी झाला. हात न लावलेल्या अंकांचा भाव त्याने उलट थोडा वाढवला, कारण आता ते कोणते हे त्याला नक्की माहीत होतं. खळीने जोडलेल्यांचा थोडाच उतरवला. खळ पाण्याने सुटते, हवं तर काम काढता येतं, असं त्याचं म्हणणं. रंगवलेल्या आणि छाटलेल्या अंकांना मात्र जेमतेम रद्दीच्या वरचा भाव. ते १९ आम्ही विकलेच नाहीत. उरलेली रक्कम दादाने घातली, कुरकुरत का होईना. काकू आता काठीशिवाय चालते.

अण्णांच्या कामाला त्या बाजारात कमी भाव मिळाला, याचं मला अजून थोडं वाईट वाटतं. पण त्यांनी पोरांना वाचता यावं म्हणून अंक सांधले होते, विकण्यासाठी नव्हे. लेबल त्यांच्या मायेला नाव ठेवत नाही, कागदाचं काय झालं एवढंच सांगतं.

तुमच्याही माळ्यावर अशी एखादी ट्रंक असेल. असली तर एवढं करा. टेप लावू नका, रंग भरू नका, कडा छाटू नका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पत्र्याखालचा माळा भट्टी होतो, आणि न्यूजप्रिंट उष्णतेने लवकर पिवळा पडून तुटतो. अंक खालच्या खोलीत, कोरड्या जागी आडवे ठेवा. घरातल्या मोठ्यांना विचारून कुठल्या अंकाला कुणी काय केलं ते आत्ताच लिहून काढा. अण्णा गेल्यावर आम्हाला ते टॉर्च घेऊन शोधावं लागलं. ते असते तर पाच मिनिटांत सांगितलं असतं, आणि वर प्रत्येक अंकाची गोष्टही.