वाघ्याला जात नव्हती

मागच्या महिन्यात आमच्या सोसायटीची तातडीची सभा झाली. विषय एकच होता, तिसऱ्या मजल्यावरचा रॉटवायलर. लिफ्टचं दार उघडलं आणि बाहेर उभ्या असलेल्या दूध टाकणाऱ्या मुलाच्या पोटरीला त्यानं चावा घेतला. जखम खोल होती. लसीबरोबर जखमेत सीरमही द्यावं लागलं. मुलगा पंधरा-सोळा वर्षांचा. आता तो दूध खाली वॉचमनपाशी ठेवून जातो, वर येत नाही.

सभेत ठराव आला की, यापुढे 'हिंस्र जातीची' कुत्री सोसायटीत पाळता येणार नाहीत. सह्यांचा कागद फिरत फिरत माझ्यापर्यंत आला. मी खिशातून पेन काढलं होतं. तेवढ्यात शेजारी बसलेले काका म्हणाले, "अहो, रक्तातच असतं ते. जात कुठं जाते?"

काकांच्या मनात माझ्याबद्दल काहीही नव्हतं, हे मला ठाऊक आहे. ईदला शीरखुर्म्यासाठी हक्कानं येणारा माणूस आहे. पण हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा, इतक्या माणसांबद्दल ऐकलं आहे की पेन हातातच राहिलं. मराठीत कुत्र्याच्या प्रकारालाही जातच म्हणतात. 1871 च्या कायद्यानं इंग्रजांनी अख्ख्या जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, तेही याच समजुतीवर. तो कायदा 1952 मध्ये गेला, तरी पारधी वस्तीवरचा संशय आजही गेलेला नाही.

तरीही नुसती ही तुलना करून हात झटकणं मला बरोबर वाटत नाही. माणसाची जात आणि कुत्र्याची जात या एकसारख्या गोष्टी नाहीत. कुत्र्याच्या जाती माणसानं ठरवून, निवडून, पिढ्यान्‌पिढ्या जोड्या लावून तयार केल्या. आमच्या भागातलं कारवान जातीचं कुत्रं ससा दिसला की कुणी न शिकवता सुसाट सुटतं. तेव्हा रक्तात काहीच नसतं असं म्हणणं खोटं आहे. शिवाय सत्तर-ऐंशी पौंडांच्या रॉटवायलरचा चावा आणि पामेरियनचा चावा यांत काय फरक असतो, हे त्या मुलाच्या पोटरीला विचारावं. 2022 मध्ये लखनौत एका 82 वर्षांच्या निवृत्त शिक्षिकेचा जीव घरच्याच पिटबुलनं घेतला. त्या बातमीनंतर लोकांना भीती वाटली, तर त्यांना अडाणी ठरवण्याचा अधिकार कुणाला नाही.

पण माझं पेन थांबलं ते मुख्यतः वाघ्यामुळे.

तासगावकडे आमची द्राक्षबाग होती, तेव्हाची ही गोष्ट. मी दहा-अकरा वर्षांचा असेन. वाघ्या साधा गावठी कुत्रा, पिवळट रंगाचा, एक कान मोडलेला. दादीचा नियम पक्का होता, "वस्तीवर राखणीला कुत्रं चालतं, घरात नको." त्यामुळे वाघ्या दिवसभर बागेच्या कोपऱ्यातल्या लोखंडी अँगलला बांधलेला असे. साखळी दोन हात लांब. मी आणि माझा चुलतभाऊ दुपारी त्याच्या साखळीच्या जरा बाहेर उभे राहून त्याला काठीनं डिवचायचो. तो गुरगुरला, झेप घेऊन साखळीला हिसका बसून मागे पडला, की आम्ही हसायचो. अब्बांनी एकदा पाहिलं. ते आम्हाला रागावले, पण गड्याला म्हणाले, "तापट झालाय, बरंच आहे. चोर येणार नाहीत."

साखळीची कडी झिजली होती. शेजारच्या वस्तीवरचे तात्या अब्बांना दोनदा सांगून गेले, "भाई, तुमचं कुत्रं आवरा. पोरंसोरं येत-जात असतात." अब्बा म्हणाले, बाजारच्या दिवशी नवी साखळी आणतो. तो बाजार आला आणि गेला.

एका दुपारी तात्यांची सहा वर्षांची नात आमच्या बांधावरून चालली होती. तिच्या हातात पेरूच्या झाडाची काटकी होती. काठी धरलेलं लहान पोर म्हणजे काय, हे वाघ्याला आम्हीच शिकवलं होतं. त्यानं तिचा दंड फाडला.

तेव्हा पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागत. अब्बांनी सगळा खर्च केला, रोज स्वतः मोटारसायकलवरून तिला तालुक्याला नेलं. वाघ्याला त्याच संध्याकाळी लोकांनी काठ्यांनी मारलं. सगळे म्हणाले, पिसाळला होता. तो पिसाळलेला नव्हता, आणि हे मला आणि माझ्या चुलतभावाला माहीत होतं. आम्ही दोघंही काही बोललो नाही.

वाघ्याला कुठली जात नव्हती. त्याचं नाव जगातल्या कुठल्याही बंदीच्या यादीत कधी आलं नसतं.

म्हणून मी अशा याद्यांचं काय होतं ते पाहायला लागलो. ब्रिटननं 1991 च्या कायद्यानं पिटबुल टेरियर, जपानी टोसा, डोगो अर्जेंटिनो आणि फिला ब्राझिलेरो या चार प्रकारांवर बंदी आणली. तीस-बत्तीस वर्षांनी त्याच यादीत एक्सएल बुली हे पाचवं नाव घालावं लागलं. दरम्यानच्या काळात ज्यांना दांडगं कुत्रं मिरवायचं होतं, त्यांना यादीबाहेरचं कुत्रं मिळालं होतं. नेदरलँड्सनं 1993 मध्ये पिटबुलवर आणलेली बंदी, चावे कमी होत नाहीत असं दिसल्यावर 2008 मध्ये मागे घ्यायचं ठरवलं. इटलीनं 2009 मध्ये जातींची यादी सोडून मालकाच्या जबाबदारीवर भर दिला. आपल्याकडे केंद्र सरकारनं मार्च 2024 मध्ये 23 जातींवर बंदी घालण्याबद्दल राज्यांना परिपत्रक पाठवलं. संबंधितांचं म्हणणं न ऐकताच ते काढलं, म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयानं पुढच्याच महिन्यात ते रद्द केलं.

2022 मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात अमेरिकेतला एक मोठा अभ्यास आला होता. अठरा हजारांहून अधिक कुत्र्यांच्या मालकांकडून माहिती घेतली होती. एका कुत्र्याचं वागणं दुसऱ्यापेक्षा वेगळं का, यातला साधारण नऊ टक्केच भाग जातीवरून सांगता येतो असं त्यात निघालं. कुत्रं किती चटकन चिडतं, हे तर जातीवरून ओळखणं फारच कठीण. जात शून्य नाही, पण जात म्हणजे सगळं नाही.

आमच्या धार्मिक परंपरेत कुत्र्याबद्दल बोलणं निघालं की लोकांना फक्त नापाकी आठवते. पण कुरआनात गुहेतल्या तरुणांबरोबर त्यांचं कुत्रंही आहे. शिकारीच्या कुत्र्याबद्दल जो हुकूम आहे, तो शिकवलेल्या कुत्र्याबद्दल आहे. शिकवलेल्या कुत्र्यानं मालकासाठी धरलेली शिकार हलाल, न शिकवलेल्याची तशी नाही. फरक केला आहे तो शिकवण्यावरून, जातीवरून नाही. 1869 ते 1876 या काळात उस्मानी राज्यात हनफी फिकहवर आधारलेली 'मजल्ला' ही संहिता तयार झाली. जनावरानं आपणहून केलेल्या नुकसानीला मालक जबाबदार नाही, असं तत्त्व तीत आहे. पण त्याला अपवाद आहे. मारका बैल किंवा चावरं कुत्रं असेल, गल्लीतल्या कुणी "तुझं जनावर आवर" असं बजावलं असेल आणि तरीही मालकानं ते मोकळं सोडलं, तर भरपाई त्याच्याकडून घ्यावी.

हे वाचलं तेव्हा मला तात्याच आठवले. अब्बांना दोनदा बजावलं होतं. अब्बा भले माणूस होते, नमाजी होते, पण हिशेब त्यांच्याच नावावर लागतो. आणि थोडा माझ्या नावावर.

आपला आजचा कायदाही यापेक्षा फार वेगळं सांगत नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 प्रमाणे आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला धोका होऊ नये म्हणून पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. त्यात जातीचा उल्लेख नाही.

सभेत मी सही केली नाही. उठून वाघ्याची गोष्ट सांगितली, काठीसकट. घराबाहेर कुणाला ती मी पहिल्यांदाच सांगत होतो. आवाज थोडा कापत होता. मग तिसऱ्या मजल्यावरच्या जोडप्याला विचारलं की दिवसभर कुत्रं कुठं असतं. दोघंही नोकरीला, सकाळी आठला जातात, रात्री आठला येतात. तोवर ते गॅलरीत. पिल्लू मोबाईलवर जाहिरात पाहून घेतलेलं, आईबाप कसे होते ठाऊक नाही. शिकवायला कुणाला बोलावलं नाही. यापूर्वी ते दोनदा लिफ्टमध्ये लोकांवर गुरगुरलं होतं, आणि दोन्ही वेळा "काही करत नाही हो तो" एवढंच उत्तर मिळालं होतं.

ठराव बदलला. कुठल्याही जातीचं कुत्रं असो, महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस हवी. लिफ्टमध्ये आखूड पट्टा, आणि मोठ्या कुत्र्याला मुस्कं. कुत्रं अंगावर गेल्याची पहिली तक्रार लेखी नोंदवायची, म्हणजे पुढे "आम्हाला माहीतच नव्हतं" म्हणता येणार नाही. मुलाच्या उपचाराचा खर्च आणि बुडालेली मजुरी मालकानं द्यायची. आकार मोठा म्हणून मुस्कं, हे काकांच्या आग्रहानं आलं, आणि ते मला पटलंही.

आता तिसऱ्या मजल्यावरचा तरुण पहाटे साडेपाचला मुस्कं घातलेल्या कुत्र्याला घेऊन तासभर फिरताना दिसतो. फजरनंतर मशिदीतून परतताना आमची गाठ पडते. कुत्रं निमूट चालत असतं.

दूधवाला मुलगा मात्र अजून वर येत नाही. मी रोज खाली जाऊन पिशवी घेतो.